तीन हजार आठ माणसे आणि एक मतदारसंघ

देवगाव फाट्यावर उभे राहिले की तीन वाटा दिसतात. एक सेलूला जाते, एक जिंतूरला आणि एक मंठ्यावरून जालन्याला. मंठ्याच्या वाटेने निघालेला माणूस थोड्याच वेळात परभणी जिल्हा सोडून जालना जिल्ह्यात शिरतो. तिथे जिल्हाधिकारी वेगळा, पोलीस अधीक्षक वेगळा, आमदारही वेगळा; कारण फाटा जिंतूर मतदारसंघात आणि मंठा परतूर मतदारसंघात. खासदार मात्र दोन्हीकडे एकच, परभणीचा. परभणी लोकसभा मतदारसंघात आपल्या जिल्ह्याचे चार विधानसभा मतदारसंघ आहेत आणि उरलेले दोन, परतूर व घनसावंगी, जालना जिल्ह्यातले.

हे असे का, हा प्रश्न मला आयुष्यातली बरीच वर्षे पडला नव्हता. मी गणिताचा शिक्षक. निवडणुकीच्या कामाला केंद्राध्यक्ष म्हणून अनेकदा गेलो, शाई लावली, मोहरा मारल्या, पेट्या आणि पुढे यंत्रे जमा केली. पण ज्या रेघेच्या आत हे सगळे चालते ती रेघ कोणी ओढली, हे कधी विचारले नाही. विचारले ते माझ्या व्याह्यांनी. २००९ च्या ऑक्टोबरात विधानसभेचे मतदान होते. त्याच्या आधी ते एका लग्नाहून परत जाताना फाट्यावर उतरले. चहा पिता पिता म्हणाले, “गुरुजी, तुम्ही गणिताचे मास्तर. आमचा सिंगणापूर मतदारसंघ कुठं गेला, एवढं सांगा.”

त्यांचे गाव सिंगणापूरजवळ, परभणी तालुक्यात. तोवर ते सिंगणापूर विधानसभा मतदारसंघाचे मतदार होते. त्या वर्षी मतदारयादी पाहिली तर नाव पाथरी मतदारसंघात! “परभणी आमच्या उशाला, अन् आमदार पाथरीचा,” असे त्यांचे म्हणणे. “कोणीतरी खाल्ला असंल,” असेही ते म्हणाले. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. निवृत्तीनंतर जनगणनेचे आकडे आणि मतदारसंघ पुनर्रचनेचा आदेश घेऊन बसलो, तेव्हा सापडले. सिंगणापूर कोणी खाल्ले नव्हते. ते एका भागाकाराच्या बाकीत गेले होते. ही बाकी किती, ती कशी मोजली आणि दुसऱ्या रीतीने मोजली असती तर काय झाले असते, हे सांगण्यासाठी हा लेख.

रेघ ओढण्याचा अधिकार

मतदारसंघाची सीमा ही निवडणुकीआधीची निवडणूक असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १८१२ साली एल्ब्रिज गेरी हे गव्हर्नर होते. त्यांच्या पक्षाने आपल्या सोयीने मतदारसंघ आखले. त्यातल्या एकाचा नकाशा इतका वेडावाकडा होता की वर्तमानपत्राने त्याला पंख आणि नखे काढून सॅलॅमँडर या प्राण्यासारखे चित्र छापले. गेरी आणि सॅलॅमँडर मिळून ‘गेरीमँडर’ हा शब्द तयार झाला. सत्तेवरच्या पक्षाने सीमा आखून विरोधकांची मते एका ठिकाणी कोंडायची किंवा दहा ठिकाणी विखरायची, या विद्येला आजही हेच नाव आहे.

इंग्लंडमधला रोग वेगळा होता. तिथे रेघा कोणी हलवतच नव्हते. ओल्ड सेरम हे गाव ओसाड पडले, तरी १८३२ च्या सुधारणा कायद्यापर्यंत तिथून दोन सदस्य पार्लमेंटात जात होते आणि मँचेस्टरसारख्या वाढत्या शहराला स्वतःचा एकही सदस्य नव्हता. म्हणजे सीमा स्वार्थाने हलवली तरी अन्याय होतो आणि मुळीच हलवली नाही तरी अन्याय होतो. ती वेळोवेळी हलवायची, पण जिच्या जागेचा प्रश्न आहे त्या मंडळींच्या हाताने नव्हे, हे शहाणपण जगाला उशिरा सुचले.

आपल्याकडे ते फार लवकर आले, याचे श्रेय पहिल्या निवडणुकीच्या अनुभवाला द्यायला हवे. १९५१-५२ च्या निवडणुकीसाठी मतदारसंघ राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरले. निवडणूक आयोगाने प्रस्ताव करायचे, खासदारांच्या सल्लागार समित्यांनी मत द्यायचे आणि शेवटी आदेश संसदेपुढे ठेवायचा, अशी पद्धत होती. त्या आदेशात बदल करण्याचा अधिकार संसदेला होता आणि तो वापरला गेला. ज्यांना उभे राहायचे त्यांनीच मैदान आखायचे, अशातला तो प्रकार. आपला परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली आणि चारच वर्षांच्या आत इथल्या माणसाने १७५ जागांच्या हैदराबाद विधानसभेसाठी मत दिले.

पहिल्या अनुभवानंतर १९५२ मध्ये संसदेने कायदा करून स्वतंत्र मतदारसंघ पुनर्रचना आयोग नेमला. अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. चंद्रशेखर अय्यर. या आयोगाचा आदेश कायद्याइतका बंधनकारक ठरला. संसदेपुढे तो मांडायचा, पण त्यातला काना-मात्राही संसदेने बदलायचा नाही. १९६२, १९७२ आणि २००२ च्या कायद्यांनीही हेच तत्त्व कायम ठेवले.

महाराष्ट्र झाला तेव्हा, १९६२ च्या निवडणुकीत, विधानसभेच्या जागा २६४ होत्या. १९६७ ला त्या २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८ आहेत. लोकसभेच्या जागा ४४ वरून ४५ आणि मग ४८ झाल्या. त्यानंतर हा आकडा थांबला. आणीबाणीतल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा २००० नंतरच्या जनगणनेपर्यंत गोठवल्या. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले, त्यांच्या जागा कमी होऊ नयेत, असा त्यामागचा युक्तिवाद. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. म्हणून २००२ च्या आयोगाला महाराष्ट्राच्या २८८ जागा कमी करण्याचा किंवा वाढवण्याचा अधिकार नव्हता. त्या २८८ जागांची राज्याच्या आत नव्याने वाटणी करायची, एवढेच त्याचे काम होते. आधी ही वाटणी १९९१ च्या जनगणनेवर व्हायची होती. २००३ च्या ८७ व्या घटनादुरुस्तीने २००१ ची जनगणना आधाराला घेतली. आपल्या कथेतला आकडा त्यामुळे २००१ चा आहे.

आयोगाचे काम

२००२ च्या आयोगाचे अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग. केंद्रीय निवडणूक आयोगाचा एक प्रतिनिधी आणि त्या त्या राज्याचे राज्य निवडणूक आयुक्त, असे आणखी दोन सदस्य. प्रत्येक मोठ्या राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून घेतले जात. त्यांनी बोलायचे, हरकत नोंदवायची. पण मतदान करायचे नाही आणि निर्णयावर सही करायची नाही. कायद्याची ही कलमे वाचताना मला परीक्षेतल्या पर्यवेक्षकाची आठवण झाली. विद्यार्थ्याने प्रश्नपत्रिकेबद्दल तक्रार जरूर करावी, गुण मात्र त्याने द्यायचे नाहीत.

सीमा कशी आखायची याचे निकषही कायद्यात आहेत. मतदारसंघ शक्यतो सलग असावा. नदी-डोंगर, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. विधानसभेचा प्रत्येक मतदारसंघ पूर्णपणे एका लोकसभा मतदारसंघात बसला पाहिजे. महाराष्ट्रात २८८ ला ४८ ने भागले की सहा येतात, म्हणून प्रत्येक खासदाराच्या वाट्याला सहा विधानसभा मतदारसंघ. शिवाय विधानसभेच्या मतदारसंघाने जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही, असे आयोगाने ठरवले. लोकसभेला मात्र ती ओलांडावीच लागते. परभणीच्या चार जागांत जालन्याच्या दोन मिसळल्या तेव्हा सहा झाल्या. हिंगोलीच्या तीन जागांत नांदेडचे किनवट व हदगाव आणि थेट विदर्भातले उमरखेड घालावे लागले. फाट्यावरून मंठ्याला जाणाऱ्याचा आमदार बदलतो आणि खासदार बदलत नाही, त्याचे कारण हे.

आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करतो, सहयोगी सदस्यांचे मतभेद त्यासोबत छापतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो आणि मग अंतिम आदेश काढतो. अंतिम आदेशानंतर दार जवळजवळ बंद होते. राज्यघटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदाने न्यायालयांना या विषयात पडण्यास मनाई केली आहे. उज्जैनच्या राखीव जागेविषयी मेघराज कोठारी यांनी दाद मागितली होती. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रसिद्ध झालेला आदेश हा कायदाच आहे आणि त्याला आव्हान देता येत नाही. नाहीतर प्रत्येक निवडणूक कोर्टात अडकून पडेल. २०२४ मध्ये गुजरातमधल्या बारडोलीच्या राखीव जागेबाबत न्यायालयाने ही कडी थोडी सैल केली. आदेश उघडपणे मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालय पाहू शकते, असे म्हटले. पण भागाकारातल्या बाकीला कोणी मनमानी म्हणणार नाही. तिच्याबद्दल जे बोलायचे ते मसुदा आणि अंतिम आदेश यांच्या मधल्या काळातच बोलावे लागते.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. हे सारे संरक्षण लोकसभा आणि विधानसभेपुरते आहे. महानगरपालिका आणि नगरपालिकांच्या प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य शासनाकडे घेणारा कायदा आपल्या विधिमंडळाने मार्च २०२२ मध्ये एकमताने संमत केला. गेरीची गोष्ट अमेरिकेतली म्हणून हसण्याआधी हे आठवावे.

भागाकार

आता मुख्य हिशेब. हा मी आयोगाच्या कागदावरून उतरवलेला नाही. २००१ च्या जनगणनेचे जिल्हावार आकडे घेऊन स्वतः मांडला आणि आयोगाने शेवटी दिलेल्या जागांशी ताडून पाहिला. तेव्हाच्या पस्तीसच्या पस्तीस जिल्ह्यांत तो जुळला.

२००१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ होती. तिला २८८ ने भागले की एका जागेमागे ३,३६,३८४ माणसे येतात. प्रत्येक जिल्ह्याची लोकसंख्या या आकड्याने भागायची. अहमदनगरचे उत्तर १२.०१ येते, धुळ्याचे ५.०८, नागपूरचे १२.०९. तिथे वाद नाही. पण बहुतेक जिल्ह्यांचे उत्तर असे सरळ येत नाही. सिंधुदुर्ग २.५८, रायगड ६.५६, नांदेड ८.५५, पुणे २१.५०. परभणीची लोकसंख्या १५,२७,७१५, उत्तर ४.५४.

शाळेत आपण शिकवतो की अर्ध्यापेक्षा जास्त असेल तर पुढचा पूर्णांक धरावा. त्या नियमाने परभणीला पाच जागा मिळायला हव्यात. पण सगळ्या जिल्ह्यांना हा नियम लावला तर बेरीज २९० येते. जागा तर २८८ च. म्हणजे दोघांना मागे सरावे लागणार.

कोणी सरायचे? सर्वांत सरळ वाटणारी रीत अशी. आधी प्रत्येकाला पूर्णांकाइतक्या जागा द्या. त्यांची बेरीज होते २७०. राहिल्या १८. ज्या जिल्ह्यांची बाकी सर्वांत मोठी, त्यांना उतरत्या क्रमाने एकेक द्या. जळगाव, हिंगोली, मुंबई अशी यादी सुरू होते. शेवटी शेवटी सिंधुदुर्ग, गोंदिया, रायगड येतात आणि अठरावी जागा मिळते नांदेडला. एकोणिसावा क्रमांक परभणीचा, विसावा पुण्याचा. हे दोघे मागे राहिले.

नांदेडची बाकी होती १,८५,१८७ माणसांची आणि परभणीची १,८२,१७९. फरक ३,००८.

हा आकडा पहिल्यांदा वहीत उतरला तेव्हा मी तीनदा ताळा केला. साडेनऊ कोटींहून मोठ्या राज्यात तीन हजार आठ माणसे कमी मोजली गेली म्हणून एका जिल्ह्याची एक जागा गेली. १९७६ च्या रचनेत अविभाजित परभणी जिल्ह्यात आठ मतदारसंघ होते: जिंतूर, परभणी, सिंगणापूर, गंगाखेड, पाथरी, वसमत, कळमनुरी आणि हिंगोली. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाला. २००८ च्या आदेशात हिंगोलीला तीन आणि परभणीला चार, मिळून सात. आठवे नाव सिंगणापूरचे, ते पुसले गेले. जिल्हा फुटला म्हणून जागा गेली, असे आपल्याकडे काही जण म्हणतात. ते खरे नाही. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या एकत्र करून हीच रीत लावून पाहिली, तरी सातच जागा येतात.

मागे सरलेल्या दोघांत पुणेही आहे, मग परभणीनेच का रडावे? कारण अर्ध्या जागेचे ओझे पुण्यात एकवीस मतदारसंघांवर वाटले गेले आणि परभणीत चारांवर. पुण्यात एका आमदारामागे सरासरी ३,४४,४०७ माणसे आली, राज्याच्या सरासरीहून जेमतेम अडीच टक्के जास्त. परभणीत आली ३,८१,९२९, म्हणजे साडेतेरा टक्के जास्त. राज्यातल्या कोणत्याही जिल्ह्यापेक्षा ही सरासरी मोठी. दुसऱ्या टोकाला सिंधुदुर्ग, एका आमदारामागे २,८९,६०८. सोप्या भाषेत सांगायचे तर सिंधुदुर्गातल्या तीन माणसांना जेवढे प्रतिनिधित्व मिळाले, तेवढे परभणीतल्या चार माणसांनी वाटून घेतले.

दुसरी रीत

मोठ्या बाकीला जागा देण्याची ही रीत अमेरिकेत अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९२ मध्ये सुचवली होती. तेव्हा राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी त्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. त्यांच्या कारकिर्दीतला तो पहिला नकार. पुढे एकोणिसाव्या शतकात ही रीत तिथे वापरात आली आणि तिचे एक विचित्र दुखणे उघडे पडले. १८८० च्या जनगणनेनंतर हिशेब करताना असे दिसले की सभागृहात २९९ जागा धरल्या तर अलाबामा राज्याला आठ मिळतात आणि ३०० धरल्या तर सात! ताटात पोळ्या वाढल्या आणि एकाच्या वाट्याची कमी झाली. गणिती मंडळी याला अलाबामाचा विरोधाभास म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेने ही रीत सोडून दिली.

तिच्या जागी आलेली एक रीत डॅनियल वेब्स्टर यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात बाकीची शर्यत नाही. भाजकच थोडा असा बदलायचा की प्रत्येकाला शाळेतला अर्ध्याचा नियम लावल्यावर बेरीज नेमकी जुळावी. युरोपातल्या काही देशांत पक्षांना जागा वाटताना हीच रीत सेंट-लाग्वे या नावाने चालते.

मी महाराष्ट्राचा हिशेब या रीतीने मांडला. ३,३६,३८४ ऐवजी भाजक ३,३८,६०० घेतला. पस्तीस जिल्ह्यांची उत्तरे काढली, अर्ध्याचा नियम लावला. बेरीज बरोबर २८८ आली. तेहतीस जिल्ह्यांच्या जागा होत्या तेवढ्याच राहिल्या. दोनच बदलले. नांदेडचे उत्तर ८.४९ आले, म्हणजे आठ. परभणीचे ४.५१, म्हणजे पाच.

नांदेडशी माझे भांडण नाही. माझे निम्मे नातेवाईक तिकडचे. म्हणून दोन्ही वाटण्या शेजारी ठेवून पाहिल्या. झालेल्या वाटणीत नांदेडमध्ये एका जागेमागे ३,१९,५८४ आणि परभणीत ३,८१,९२९. दोहोंतले अंतर ६२,३४५. दुसऱ्या वाटणीत नांदेडमध्ये ३,५९,५३२ आणि परभणीत ३,०५,५४३, अंतर ५३,९८९. समतेच्या तराजूत दुसरी वाटणी थोडी सरस ठरते. थोडीच. पहिली वाटणी लबाडीची होती असे मी म्हणत नाही. आयोगात आपला ना नांदेडचा माणूस होता ना परभणीचा. त्याने एक रीत सर्वांना सारखी लावली आणि तिच्यातून जे निघाले ते स्वीकारले.

माझे म्हणणे एवढेच की आयोग निःपक्ष असला म्हणजे निकाल एकच असतो, असे नाही. दोन प्रामाणिक रीती असू शकतात आणि दोन्हींतून वेगवेगळे नकाशे निघू शकतात. स्वतंत्र आयोग आपल्याला स्वार्थापासून वाचवतो. कोणती रीत न्याय्य, हे मात्र त्याला कोणीतरी विचारावे लागते, आणि ते विचारण्याची वेळ मसुद्याच्या सुनावणीची असते. सिंगणापूर का वगळले, असे विचारले तर उत्तर मिळते की जिल्ह्याला चारच जागा आहेत. चारच का, हा प्रश्न त्याआधीचा. तो भागाकारापाशी उभे राहून विचारायला हवा होता.

मोजले कोणाला

भागाकाराच्याही आधी मोजणी येते. मोजणीची व्याख्या बदलली की नकाशा कसा बदलतो, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९७६ च्या रचनेत विधानसभेच्या १८ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. २००८ मध्ये त्या २९ झाल्या. लोकसभेत तीनच्या पाच झाल्या. दलितांची संख्या एकदम वाढली असे नव्हे. १९५६ मध्ये धम्मदीक्षा घेतलेल्या बौद्धांची नोंद अनुसूचित जातींत होत नव्हती. त्यामुळे १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपासच दिसले. १९९० मध्ये कायदा बदलला, बौद्धांना ती ओळख मिळाली आणि २००१ ला प्रमाण दहा टक्क्यांवर गेले. माणसे गावात होतीच, कागदावर नव्हती. कागदावर यायला आणि त्याप्रमाणे जागा मिळायला तीन दशकांहून जास्त काळ गेला.

आता आपल्या ३,००८ कडे पुन्हा येऊ. २००१ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. नियम असा की या पूर्ण काळात जो घरी नसेल, त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे करायची. फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा भर. आपल्या जिल्ह्यातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर असतात. दसरा-दिवाळीनंतर गेलेले कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. त्यांची शिरगणती नियमाने फडावरच्या कोपीत होते, गावातल्या घरात नव्हे. मत द्यायला माणूस परभणीचा, पण मोजायला सांगलीचा किंवा बेळगावचा.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. ३,००८ म्हणजे १,५०४ कोयते. सोबत नेलेली लेकरे धरली तर त्याहूनही कमी. तेवढी जोडपी त्या वीस दिवसांत एकदा घरी मोजली गेली असती, तर सिंगणापूरच्या लोकांना पाथरीला जावे लागले नसते.

पुढची शिरगणती

२०११ च्या जनगणनेत परभणीची लोकसंख्या १८,३६,०८६ झाली आणि राज्याची ११,२३,७४,३३३. त्या आकड्यांनी आपला भागाकार ४.७१ येतो. पण त्या जनगणनेवर पुनर्रचना झालीच नाही. जागा गोठलेल्या होत्या. करोनामुळे २०२१ ची जनगणना झाली नाही. आता जी होणार आहे तिची गणनेची तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. घटनेच्या भाषेत २०२६ नंतरची ती पहिली जनगणना. गोठण सुटेल ती तिच्या आकड्यांवर. महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्तीही पुनर्रचनेलाच बांधलेली आहे. उत्तरेला किती आणि दक्षिणेला किती, यावर दिल्लीत बरीच चर्चा होईल. त्या चर्चेत परभणीच्या पाचव्या जागेचे नाव कोणी घेणार नाही. ते काम आपले.

ते काम अवघड नाही. आकडे प्रसिद्ध झाले की जिल्ह्याचा भागाकार कोणत्याही दहावीच्या विद्यार्थ्याला करता येतो. मसुदा आल्यावर दोन गोष्टी विचारायच्या: बाकी कोणत्या रीतीने वाटली आणि दुसऱ्या रीतीने काय आले असते. भावना, अस्मिता, अमक्याचे राजकारण यापेक्षा हे दोन प्रश्न सुनावणीत जास्त जड ठरतील.

यंदा आखाजीला व्याही पुन्हा भेटले, याच फाट्यावर. आता काठी घेऊन चालतात. मी वही काढून सगळा हिशेब दाखवला. त्यांनी चष्मा लावून ३,००८ हा आकडा बराच वेळ पाहिला. नांदेडबद्दल, आयोगाबद्दल काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “गुरुजी, मार्चाची तारीख म्हणता. म्हणजे माणूस मोजायला फेब्रुवारीतच येणार. तव्हा आमच्या वाडीतली निम्मी दारं कुलूपबंद असत्यात. मुकादमाला आधीच सांगावं लागंल, का दोन दिवस तरी पोरं घरी सोड.”

मी वहीत त्या आकड्याच्या खाली हे वाक्य लिहून घेतले. जिंतूरची गाडी आली, ते चढले. ग्रामसभेत ठेवायच्या अर्जाचा मसुदा त्याच रात्री करायला घेतला.